शनिवारचे तेली, सोमवारचे तेली

आमचा घाणा सोमवारी बंद असतो. गिऱ्हाइकं याची कारणं आपापल्या परीनं लावतात. कुणाला वाटतं त्या दिवशी लाइट जाते, कुणाला वाटतं मालक महादेवाचा मोठा भक्त. खरं कारण बैल आहे, आणि तो बैल जाऊनही जमाना झाला. आज्जांच्या काळी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या परड्यात घाणा होता. बैल डोळ्यांवर झापडं लावून दिवसभर गोल फिरायचा, आणि सोमवारी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही हा घरचा नेम. सोमवार महादेवाचा, म्हणजे नंदीचा, म्हणजे बैलाचा. आमच्याकडचे शेतकरीही सोमवारी औत जुंपत नसत. लिंगायत घरांत अजून पुष्कळ जण पाळतात. बाबांनी मोटर बसवली, बैल गेला, पण सोमवार राहिला. मोटरला कसली विश्रांती, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "मोटरला नको असंल, मला पाहिजे की!"

आमच्याकडं करडईचं तेल न्यायला एक निवृत्त प्राध्यापक येतात. इतिहासाचे. तेलापेक्षा गप्पाच जास्त नेतात. दारावरची 'सोमवारी बंद'ची पाटी वाचून ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही सोमवार तेली. अलिबागकडं शनिवार तेली होते, ठाऊक आहे काय तुम्हाला?"

मला ठाऊक होतं ते इतकंच, की कोकणात ज्यू लोक तेल काढायचे. पण त्यांना शनिवार तेली म्हणायचे आणि त्यांच्यापासून वेगळे ओळखू यावेत म्हणून हिंदू तेल्यांना सोमवार तेली म्हणायचे, हे ऐकल्यावर मात्र मी अडकलो. घाणा तोच, बैल तसाच, पेंड तीच. फरक फक्त बैल कुठल्या दिवशी सुटतो एवढाच. त्यानंतर दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी हेच वाचत बसलो. आई म्हणायची, "काय वाचालास रे एवढं? परीक्षा हाय काय तुझी?" जे हाती लागलं ते तेल्याच्या नजरेनं लिहितोय. धर्मशास्त्र सांगायचा अधिकार मला नाही.

तर हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल. त्यांच्या घराघरांत सांगितली जाणारी कथा अशी की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. वाचलेले गावोगाव पसरले, तेलाच्या धंद्यात शिरले, मराठी बोलायला लागले आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर झाले. कधी आले याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पण बाहेरच्या ज्यूंशी त्यांची गाठ पडली तेव्हा त्यांच्याजवळ काय उरलं होतं आणि काय नव्हतं, ते पाहण्यासारखं आहे.

तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी नव्हती. हिब्रू वाचता येत नव्हतं. धर्मगुरू नव्हता. प्रार्थनेचं पुस्तक नव्हतं. उरला होता शनिवार. मुलाची आठव्या दिवशी सुंता होती. खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, हा नियम होता. आणि 'शेमा' होता: ऐक, हे इस्रायला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. जन्म असो, लग्न असो, मयत असो, हेच एक वाक्य. दावीद राहबी नावाच्या ज्यू माणसानं त्यांना ओळखलं कसं, याची गोष्टही माशाचीच आहे. त्यानं बायकांच्या पुढ्यात तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी बिनखवल्याचे मासे बाजूला काढले, तसा त्याचा संशय फिटला. म्हणजे परीक्षा घेतली ती स्वयंपाकघराची, आणि पास झाल्या बायका.

हे वाचल्यावर साहजिकच वाटतं की हे लोक धर्म विसरत चालले होते, थोडंफार कसंबसं टिकवून होते. बरेच जण तसंच लिहितात. पण ज्यू धर्माच्या सुरुवातीचं वाचत गेलो तसं माझं मत उलटं झालं. सुरुवातीचे ज्यू बहुधा या तेल्यांसारखेच होते. आधी दिवस होता, ताट होतं, शपथ घ्यायला देवाचं नाव होतं. पोथी आणि तिचे कायदे घरोघर पोचायला पुढं कैक शतकं लागली.

पोथीतली सुरुवात बहुतेकांना ऐकून माहीत असते. अब्राहाम ऊर शहरातून निघतो, हारानमार्गे कनान देशात, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या मुलखात, येतो. देवाशी करार होतो. इसहाक, याकोब, याकोबाचे बारा मुलगे, मिसरातली (इजिप्तमधली) गुलामी, मोशे, सीनाय पर्वतावर मिळालेल्या आज्ञा, चाळीस वर्षांची वणवण. कथा म्हणून जबरदस्त आहे, आणि तिच्यावर तीन धर्म उभे आहेत.

जमिनीतून निघणारी सुरुवात याहून साधी आहे. इस्रायल हे नाव पहिल्यांदा ठामपणे वाचता येतं ते मिसरचा राजा मेर्नप्ताह याच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा. फ्लिंडर्स पेट्री या उत्खननकारानं तो १८९६ साली थीब्जला शोधला. राजानं कुणाकुणाला लोळवलं त्याची यादी आहे, आणि त्यात एक ओळ: इस्रायल उद्ध्वस्त झाला, त्याचं बी उरलं नाही. इतिहासात पहिला उल्लेख आणि तो निर्वंश झाल्याचा! गंमत अशी की त्या लेखात आजूबाजूच्या शहरांपुढं देशाची खूण आहे आणि इस्रायलपुढं माणसांची. देश नव्हता अजून, लोक होते.

त्याच काळात कनानच्या मधल्या डोंगराळ भागात लहान लहान वस्त्या वाढलेल्या दिसतात. डोंगरउतारावर बांध घालून केलेली शेती, पाणी साठवायला खडकात कोरलेली टाकी, आणि जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं. मडकी मात्र खालच्या कनानी गावांतल्यासारखीच. त्यामुळे आजचे बहुतेक संशोधक मानतात की हे लोक बाहेरून चाल करून आलेले कमी आणि तिथलेच, वर सरकलेले जास्त. त्या वस्त्यांत डुकराची हाडं जवळपास सापडत नाहीत, किनाऱ्यावरच्या पलिष्टी शहरांत ढिगानं सापडतात. हा धर्माचा नियम होता की नुसती डोंगराळ शेतकऱ्याची सोय, यावर अजून वाद चालू आहे. मला यातलं एवढंच कळतं की ताटात काय नाही, त्यावरून माणूस ओळखायची पद्धत फार जुनी आहे.

देव तरी एकच होता का? सीनायच्या वाळवंटात कुंतिलत अजरूद म्हणून जागा आहे. तिथं इ.स.पू. ८००च्या आसपासचे मोठे रांजण मिळाले. त्यांवर शाईनं आशीर्वाद लिहिलेत: शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा यांच्या नावानं तुला आशीर्वाद. याहवे म्हणजे इस्रायलचा देव, शोमरोन म्हणजे उत्तरेकडच्या इस्रायल राज्याची राजधानी. अशेरा म्हणजे देवी की देवीचा लाकडी खांब, यावर पंडित भांडतात. कसंही असलं तरी लिहिणाऱ्याला त्यात काही खटकलं नव्हतं. खटकलं ते नंतरच्यांना.

तो बदल पुस्तकात स्वच्छ नोंदलेला आहे. यरुशलेमचा राजा योशिया, वर्ष इ.स.पू. ६२२. मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ 'सापडतो'. राजाला वाचून दाखवतात, राजा कपडे फाडून घेतो. खरं-खोटं विचारायला माणसं जातात हुल्दा नावाच्या एका बाईकडं. ती संदेष्टी होती, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचा निवाडा तिनं केला, हे मला फार आवडलं. मग गावोगावची देवस्थानं मोडून पूजा एकट्या यरुशलेमात आणली जाते आणि वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या आठवणीचा, सण होतो. तिथंच वाक्य आहे की शास्त्यांच्या, म्हणजे राजांच्या आधीच्या पुढाऱ्यांच्या, काळापासून आजवर असा वल्हांडण झालाच नव्हता. म्हणजे ज्याला आपण अनादि सण समजतो तो इतकी शतकं या रीतीनं कुणी पाळत नव्हतं, असं त्यांचाच ग्रंथ सांगतो. असं प्रांजळपणे लिहून ठेवणारे धर्मग्रंथ थोडे.

आता तेलाचं. जुन्या इस्रायलचा इतिहास म्हणजे निम्मा तेलाचा हिशेब आहे, असं माझं धंदेवाईक मत झालंय. राजा करायचा तर डोक्यावर तेल ओतायचं. शमुवेलानं शौलाच्या आणि मग दाविदाच्या डोक्यावर ओतलं. मसीहा म्हणजे तेलानं अभिषिक्त माणूस. शोमरोनच्या राजवाड्यात मडक्यांच्या खापऱ्यांवर लिहिलेल्या आवक-नोंदी सापडल्या, त्यात जुना द्राक्षारस आणि उत्तम तेल कुठून आलं ते टिपलंय. अराद नावाच्या किल्ल्यात एल्याशीब म्हणून कोठीवाला होता, इ.स.पू. ६००च्या सुमाराचा. त्याला आलेल्या चिठ्ठ्या अशाच खापऱ्यांवर आहेत: अमक्यांना तेल दे, तुझा शिक्का मारून सीलबंद कर आणि पाठव. आमच्या वहीत आणि त्या खापरीत फार अंतर नाही.

पण मला खरा चटका लावला तो बॅबिलॉनच्या यादीनं. नबुखद्नेस्सरानं इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेम घेतलं, तरुण राजा यहोयाखीन याला धरून नेलं. दहा-अकरा वर्षांनी, ५८६ मध्ये, शहर आणि मंदिर दोन्ही जाळून टाकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन लोकांनी बॅबिलॉन उकरलं तेव्हा राजवाड्यात मातीच्या पाट्या मिळाल्या. शिध्याच्या याद्या. कुणाला किती तेल द्यायचं. आणि त्यात नाव: यहुदाचा राजा यहोयाखीन, त्याचे पाच मुलगे. जैतुनाच्या डोंगरावरचा राजा कैदेत, आणि मोजून मिळतंय ते तिळाचं तेल, कारण त्या सपाटीवर तेल म्हणजे तीळच. कारकुनानं सहज लिहिलेली ओळ आहे. त्याला काय ठाऊक, अडीच हजार वर्षांनी बेळगावचा एक तेली ती वाचून हातातलं माप खाली ठेवणार आहे म्हणून.

मंदिर गेलं हा धक्का नुसता भावनेचा नव्हता. योशियानं बाकीची देवस्थानं मोडली होती ना? बळी द्यायचा तर यरुशलेमातच. आणि तेच उरलं नाही. बॅबिलॉनिया म्हणजे आजचा इराक. तिथल्या 'यहुद्यांचं गाव' अशा नावाच्या वस्तीचे करार मातीच्या पाट्यांवर मिळालेत. सगळा मामला जमीन, खंड, कर्ज, खजूर आणि बार्ली यांचा. लोक रडत बसले नव्हते, शेती करत होते. आणि मुलांच्या नावांत देवाचं नाव गुंफत होते. पोट भरता भरता धर्म चालवायचा तर जे घरी करता येतं तेच चालणार. सातवा दिवस त्यासाठी याजक मागत नाही, वेदी मागत नाही.

तो दिवस तरी सगळे पाळत होते का? इथं नहेम्या येतो, आणि माझा सगळ्यात आवडता उतारा.

इराणचा राजा कोरेश यानं इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलॉन घेतलं. काही यहुदी परत गेले, पुष्कळ गेलेच नाहीत. इ.स.पू. ५१६च्या सुमारास दुसरं मंदिर उभं राहिलं. पुढच्या शतकात इराणी दरबारातून नहेम्या सुभेदार होऊन यरुशलेमात आला. त्याच्या नावच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तो वैतागून सांगतो की मी बघतो तर काय, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी लोक द्राक्षं तुडवतायत, गाढवांवर धान्य लादतायत, द्राक्षारस, अंजीर, सगळा माल शहरात आणतायत. सोर गावचे व्यापारी मासळी घेऊन बसलेत. यानं काय केलं? संध्याकाळ पडायला लागली की वेशीचे दरवाजे बंद करून टाकले आणि आपली माणसं पहाऱ्याला बसवली. व्यापारी एक-दोनदा वेशीबाहेरच मुक्काम ठोकून राहिले, उघडेल म्हणून. तेव्हा नहेम्यानं तटावरून दम दिला: पुन्हा इथं झोपलात तर हात टाकीन!

बेळगावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचा आठवडी बाजार शनिवारचा. शनिवार खुटापासून पुढं पहाटेपासून जी रेटारेटी चालते, खानापुराकडच्या, चंदगडाकडच्या बायका पाट्या घेऊन उतरतात, भाजीवाल्यांचं निम्मं कानडी निम्मं मराठी ओरडणं, त्या गर्दीपुढं कुणी वेस बंद करून उभा राहिला तर काय होईल? शनिवारी आमच्याकडं शेंगतेलाची विक्री एवढी असते की दोन माणसं मापाला लागतात. नहेम्याच्या काळचा यरुशलेमचा दुकानदार मला अगदी ओळखीचा वाटतो. त्याला देव नको होता असं नाही. त्याला शनिवारचं गिऱ्हाईक हवं होतं.

जवळपास त्याच काळातली आणखी एक चिठ्ठी दूर मिसरात सापडली आहे. नाईल नदीत, अस्वानजवळ एलिफंटाइन बेट आहे. तिथं इराणी फौजेत नोकरी करणाऱ्या यहुदी शिपायांची वसाहत होती. त्यांनी तिथं स्वतःचं याहू, म्हणजे याहवे, देवाचं मंदिर बांधलं होतं, यरुशलेमाखेरीज कुठं मंदिर नको हा योशियाचा नियम बाजूला ठेवून. ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांशी त्यांचं जमेना, आणि इ.स.पू. ४१० मध्ये ते मंदिर पाडलं गेलं, तर यांनी यहुदियाच्या इराणी सुभेदाराला अर्ज लिहिला, आमचं मंदिर परत बांधायला मदत करा. आपण काही धर्मबाह्य करतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

तिथल्या एका खापरीवर कुणीतरी इस्लाह नावाच्या बाईला लिहिलंय: उद्या भाजी पाठवतोय. उद्या शब्बाथला नावेवर जाऊन उतरवून घे, वाया जायला नको. याहूची शपथ, गेली नाहीस तर जीव घेईन तुझा!

शब्बाथचं नाव आहे, देवाची शपथ आहे आणि भाजीची नाव शनिवारीच उतरवायची आहे. सगळं एकाच खापरीवर. याच वसाहतीला इ.स.पू. ४१९ मध्ये हनन्या नावाच्या माणसाकडून पत्र आलं होतं, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खमीर आतल्या खोलीत सीलबंद करून ठेवा, बार्लीची दारू पिऊ नका. म्हणजे वल्हांडणाचा सण पाळा हेही पत्रानं कळवावं लागत होतं. त्या बेटावर कागद पुष्कळ सापडले, पण त्यांत मोशेच्या पाच पुस्तकांतला एकही तुकडा नाही.

ही सैल वीण पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत कशी घट्ट झाली ते नीट दिसत नाही, पण घट्ट झाली हे नक्की. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियोख या ग्रीक राजानं शब्बाथ आणि सुंता दोन्हींवर बंदी घातली. त्या वेळी काही लोक रानातल्या गुहांत जाऊन राहिले. राजाच्या सैन्यानं मुद्दाम शब्बाथच्या दिवशी हल्ला केला. त्यांनी हात उचलला नाही, गुहेच्या तोंडावर धोंडासुद्धा लावला नाही. बायकापोरांसकट हजारभर माणसं मेली, असं या बंडाची हकिकत सांगणाऱ्या मक्काबींच्या पुस्तकात आहे. त्यानंतर मत्तथ्या या म्हाताऱ्या याजकानं आणि त्याच्या माणसांनी, म्हणजेच मक्काबींनी, ठरवलं की शब्बाथला लढायचं. नाहीतर कुणी उरणार नाही. कुठं ती भाजीची नाव आणि कुठं या गुहा.

या लढाईतूनच हनुक्का सण निघाला. एका दिवसाच्या तेलावर दिवा आठ दिवस जळल्याची गोष्ट सगळे सांगतात. ती मक्काबींच्या पुस्तकांत नाही, पुष्कळ नंतर तालमूद या पंडितांच्या चर्चेच्या ग्रंथात येते. तेली म्हणून मला या चमत्कारापेक्षा त्या तेलाच्या प्रतवारीत जास्त रस आहे. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतानं दुसरं मंदिरही जाळलं. त्यानंतर, २००च्या सुमारास, यहुदा हानासी यानं तोंडी चालत आलेले कायदे एकत्र केले, तो मिश्ना. मंदिराला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती, तरी त्यात मंदिरातल्या दिव्याला कुठलं तेल चालतं याची बारीक चर्चा आहे. शेंड्यावरची पिकलेली जैतुनं वेचायची, कुटायची आणि टोपलीत ठेवायची. आपोआप गळेल ते पहिलं तेल. मग तोच लगदा तुळईखाली दाबायचा, ते दुसरं. मग जात्यात दळून परत दाबायचं, ते तिसरं. दिव्याला फक्त पहिलं, बाकीचं अन्नार्पणाला.

हे वाचून मी बाबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "पेंड कुणाला द्यायचे?" मिश्नात ते काही मिळालं नाही.

शब्बाथला कुठली कामं करायची नाहीत त्याचीही मिश्नात यादी आहे, चाळीसला एक कमी. नांगरणं, पेरणं, कापणं, दळणं, विणणं, लिहिणं, विस्तव पेटवणं. पिळून रस किंवा तेल काढणं हे पंडितांनी मळणीच्या कलमाखाली घातलं: दाण्यावरचा भुसा सुटतो तसं फळातलं तेल सुटतं, काम एकच. म्हणजे घाणा चालवणं शनिवारी बंद, आणि तेही नावानिशी. बैलाचं तर त्याहून जुनं. दहा आज्ञांत चौथीलाच म्हटलंय, तू काम करू नकोस, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीतला परका, कुणीच नाही. देव बैलाला सुट्टी देतो आणि ती दगडावर कोरून देतो, हे आमच्या आज्जांना सांगितलं असतं तर त्यांनी त्या देवाला पसंतीचा नारळ वाढवला असता.

कोकणातल्या तेल्याला मिश्ना ठाऊक नव्हता. तालमूद ठाऊक नव्हता. त्याच्या सणांची नावं बघा: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळण्याचा सण, बिरड्याचा सण. मंदिर जळालं त्या दिवसाचा उपास तो धरायचा आणि बिरडं खाऊन सोडायचा. कोकणातल्या वालाच्या बिरड्याला यरुशलेमचा शोक येऊन चिकटला. दार फाळण्याचा म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. घराची दारं लावून बसायचं, कुणाला शिवायचं नाही. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट द्रवाचं भांडं झाकून ठेवायचं, कारण खमीर नको एवढं लक्षात होतं. मिसर, मोशे, समुद्र दुभंगला, हे सगळं पुसट झालं आणि झाकण राहिलं. इच्छापूर्तीसाठी मलिदा करायचा, पोहे, खोबरं, गूळ, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनाबीला हाक मारायची. तो संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात जाताना अलिबागजवळ खंडाळ्याला टेकला होता, अशी त्यांची श्रद्धा. तिथल्या खडकावर रथाच्या खुणा दाखवतात.

हनुक्का त्यांना माहीत नव्हता. त्यावरून त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी असा तर्क मांडला की आमचे पूर्वज मक्काबींच्या विजयाआधीच निघाले असणार. तर्क हुशार आहे, पण मला पुरेसा वाटत नाही. सण काय, नंतरही गळतात. आमच्याच घरातले किती गळाले. मला पटतं ते एवढंच: यांचा धर्म ज्या आकारात टिकला तो एलिफंटाइनच्या शिपायांना, बॅबिलॉनमधल्या खंडकऱ्यांना बघताक्षणी ओळखता आला असता. पंडितांच्या यादीतली एकोणचाळीस कामं त्यांनाही पाठ नव्हती.

म्हणूनच १९६०च्या आसपास इस्रायलमध्ये जे झालं ते वाचून राग येतो. स्वातंत्र्यानंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येनं तिकडं गेले. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्याशी लग्न लावायच्या आधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, असा फतवा काढला. तुम्ही पूर्ण ज्यू आहात का, म्हणून. लोकांनी आंदोलन केलं, यरुशलेमात ठाण मांडलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं ठराव केला की हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत. ज्यांनी पुस्तक नसताना, गुरू नसताना शनिवारचा घाणा बंद ठेवला, त्यांना कागद मागितले. आम्हा सीमाभागातल्या माणसाला कागद मागणाऱ्या खिडकीची चांगली ओळख आहे, त्यावर आणखी लिहीत नाही.

मालाच्या खरेदीला मी मुंबईला मस्जिद बंदरला जातो. तिथं सॅम्युएल स्ट्रीटला जुनं सिनेगॉग आहे, शार हरहमीम. सॅम्युएल दिवेकर या बेने इस्रायल फौजी अंमलदारानं १७९६ मध्ये त्याची स्थापना केली. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर नवस फेडला, असं सांगतात. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणायचे, आणि स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असंही म्हणतात. मागच्या खेपेला मुद्दाम वाकडी वाट करून गेलो. नेमका शुक्रवार, दुपार कलली होती, आणि माझ्या व्यापाऱ्याचा फोनवर फोन: खोबऱ्याचा भाव सहापर्यंतच धरून ठेवतो, पुढचं सांगता येत नाही. बाहेरूनच बघितलं आणि भाव पकडायला पळालो.

आता एक चौकशी. सोमवार तेली आणि शनिवार तेली शेजारी शेजारी राहायचे तेव्हा एकमेकांचे बैल वापरायचे का? हिशेब साधा आहे: याचा बैल सोमवारी मोकळा, त्याचा शनिवारी. बाबांचं ठाम मत की कुणीही दिला नसणार, कारण दिला तर बैलाची सुट्टी कसली. मला वाटतं, अडल्यानडल्याला देत असतील. रोहा, पेण, अलिबागकडच्या कुणाच्या घरी जुन्या माणसांकडून काही ऐकलेलं असेल तर मला कळवा. सोमवार सोडून कधीही दुकानात असतो.